ट्रकच्या धुराचा हिशेब कुठून येतो?

"मालवाहतूक रेल्वेवर वळवल्याने इतके हजार टन कार्बन उत्सर्जन टळणार." अशा ओळी हल्ली वर्तमानपत्रांत वरचेवर दिसतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये नागपूर ते मुंबई असा सलग ७०१ किलोमीटर खुला झाला, तेव्हाही इंधन आणि प्रदूषण वाचण्याची चर्चा झाली. दुसरीकडे केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत मराठवाड्यातली तीन शहरं आहेत: छत्रपती संभाजीनगर, जालना आणि लातूर. हवेतल्या धूलिकणांची ठरलेली मर्यादा सलग काही वर्षं ओलांडली, म्हणून ती या यादीत आली. तिन्ही शहरांतून मालाच्या गाड्यांची सतत ये-जा असते.

मग साधा प्रश्न पडतो. हवेत गेलेला धूर टनांत सांगतात, तो कोणी आणि कुठल्या काट्यावर तोलला? हा हिशेब समजून घेणं आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. कोणत्या रस्त्यावरून ट्रक वळवायचे, कुठे मालधक्का वाढवायचा, कोणत्या गाड्या आधी बाद करायच्या, हे निर्णय याच आकड्यांवर घेतले जातात.

धूर मोजत नाहीत, काढतात

प्रत्येक ट्रकच्या सायलेन्सरला यंत्र लावून वर्षभर मोजमाप करणं शक्य नाही. त्यामुळे वाहतुकीच्या प्रदूषणाचा जवळजवळ प्रत्येक आकडा गुणाकार करून काढलेला असतो. एका बाजूला काम किती झालं ते घ्यायचं: किती किलोमीटर धाव झाली, किती डिझेल जळलं. दुसऱ्या बाजूला त्या कामाच्या एका एककामागे किती प्रदूषण होतं ते घ्यायचं. या दुसऱ्या आकड्याला उत्सर्जन गुणांक म्हणतात. भारतीय वाहनांचे असे गुणांक पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत गाड्या चालवून काढले आहेत.

काम किती झालं हे कळायचे दोन मार्ग आहेत. गावजेवणात किती माणसं जेवली हे सांगायचं असेल तर उठलेल्या पत्रावळी मोजता येतात, नाहीतर तांदळाची किती पोती संपली त्यावरून अंदाज बांधता येतो. मालवाहतुकीतही तसंच आहे. रस्त्यावर किती गाड्या किती धावल्या हे खालून मोजत वर जाता येतं, किंवा जिल्ह्यात किती डिझेल विकलं गेलं त्यावरून वरून खाली येता येतं. नीट काम करणारा माणूस दोन्ही करतो आणि दोन आकडे किती जुळतात ते पाहतो.

मराठवाड्यात ते सहज जुळत नाहीत. देगलूर, उदगीर, उमरगा हा सगळा सीमेलगतचा पट्टा. लांब पल्ल्याचा ट्रकवाला जिथे डिझेल स्वस्त तिथे टाकी फुल्ल करतो. एका राज्यात भरलेलं डिझेल दुसऱ्या राज्यात जळतं. शिवाय पंपावरचं डिझेल फक्त ट्रकमध्ये जात नाही. ट्रॅक्टर, जनरेटर, जेसीबी, बोअरची गाडी, सगळे तिथूनच घेतात. म्हणून नुसत्या डिझेलविक्रीवरून जिल्ह्याच्या मालवाहतुकीचा आकडा काढला असेल, तर तो मी तरी सावधपणेच वाचतो.

लिटरभर डिझेलमधून अडीच किलोंहून जास्त वायू?

हा आकडा ऐकला की बरेच जण मान हलवतात. लिटरभर डिझेलचं वजन जेमतेम ८४० ग्रॅम. त्यातून सुमारे २.६५ किलो कार्बन डायऑक्साइड कसा निघेल?

डिझेलच्या वजनात साधारण ८६ टक्के कार्बन असतो, म्हणजे लिटरमागे ७२० ग्रॅमच्या आसपास. जळताना प्रत्येक १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन पकडतो आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं. ७२० ग्रॅमला ४४ ने गुणून १२ ने भागा, उत्तर २.६४ किलो येतं. गाडी नवी असो की जुनी, डिझेल जळलं की हा आकडा जवळपास ठरलेला. त्यामुळे कार्बनचा हिशेब त्यातल्या त्यात भरवशाचा असतो.

काजळीचे बारीक कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड यांचं तसं नाही. हे दोन्ही इंजिन कसं आहे, किती जुनं आहे, त्याची देखभाल कशी आहे यावर ठरतात. कार्बन डायऑक्साइड पृथ्वी तापवतो. काजळी आणि नायट्रोजनचे ऑक्साइड रस्त्याकडेच्या माणसाच्या छातीत जातात. बातम्यांत दोन्हींना सरसकट 'प्रदूषण' म्हणतात, पण दोन्हींचा हिशेब वेगळा आणि उपायही वेगळा.

खरा आकडा रिकाम्या गाडीत लपलेला असतो

एक टन माल एक किलोमीटर नेला, की ते एक टन-किलोमीटर काम झालं. मालवाहतुकीची तुलना याच मापाने करतात.

जालन्याहून २० टन सळई भरून एक बारा चाकी ४०० किलोमीटरवर, मुंबईच्या बाजूला निघाली असं धरू. भरलेल्या गाडीला लिटरमागे ४ किलोमीटरचं एव्हरेज धरलं तर १०० लिटर डिझेल जळेल, म्हणजे २६५ किलो कार्बन डायऑक्साइड. काम झालं ८,००० टन-किलोमीटर. भागाकार केला की टन-किलोमीटरला ३३ ग्रॅम.

आकडा चांगला दिसतो. पण परतीचं भाडं मिळालं नाही तर? गाडी रिकामी परत येईल. रिकामीला ६ चं एव्हरेज धरलं तरी आणखी ६७ लिटर लागतील. माल तेवढाच पोचला, धूर मात्र ४४२ किलोंवर गेला. आता टन-किलोमीटरला ५५ ग्रॅम. त्याच गाडीचं, त्याच इंजिनाचं, त्याच ड्रायव्हरचं प्रदूषण कागदावर दीडपटीहून जास्त झालं, फक्त परतीचा माल नव्हता म्हणून.

आपल्या भागात हा मुद्दा फार मोठा आहे. जालन्याच्या पोलाद कारखान्यांना भंगार आत यायला लागतं आणि सळई बाहेर जायला, म्हणून तिथे दोन्ही बाजूंनी माल मिळण्याची शक्यता तरी असते. लातूरच्या सोयाबीनचा हंगाम संपला की त्या बाजूच्या गाड्यांना भाड्यासाठी ताटकळावं लागतं. ज्या अहवालात गाड्या किती टक्के वेळा रिकाम्या धावतात हे लिहिलेलं नाही, त्याच्या पुढच्या आकड्यांवर विश्वास ठेवायला मला जड जातं.

आता दुसरं टोक पाहा. पाऊण टन माल घेऊन छोटा हत्ती १०० किलोमीटर गेला आणि १६ चं एव्हरेज दिलं, तर टन-किलोमीटरला सुमारे २२० ग्रॅम पडतात. बारा चाकीच्या रिकामी परत धरलेल्या ५५ ग्रॅमच्या मानानेही चौपट. 'ट्रकने होणारं प्रदूषण' असा एकच सरासरी आकडा सांगणारा या दोन गाड्यांना एका तागडीत घालतो.

मग ओव्हरलोड केलं तर प्रदूषण कमी होईल की!

ट्रान्सपोर्टच्या धंद्यातला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो, आणि कागदावर त्याचं बरोबर आहे. त्याच गाडीत २० ऐवजी २८ टन भरले आणि एव्हरेज ३.४ वर आलं, तर एकेरी फेरीचा आकडा ३३ वरून २८ ग्रॅमवर उतरतो.

पण हा फक्त सायलेन्सरमधून निघणाऱ्या कार्बनचा हिशेब आहे. जालना, लातूर, संभाजीनगर यादीत आहेत ती धूलिकणांमुळे. रस्त्यावरची माती चाकांखाली उडते, टायर झिजतात, ब्रेक घासतात, हे सगळं त्यात येतं. रस्त्यावरच्या धुळीचा अंदाज काढायला जगभर जे सूत्र वापरतात, त्यात वाहनाचं वजन दुप्पट झालं की उडणारी धूळही जवळपास दुप्पट धरली जाते. शिवाय चाकावरचा भार वाढला की रस्ता त्याहून किती तरी वेगाने खचतो. खचलेल्या रस्त्यावर माती साठते, ती पुन्हा उडते, गाड्या गिअर बदलत रांगतात आणि जास्त डिझेल खातात. केंद्र सरकारने २०१८ मध्ये तीन आसांच्या ट्रकची गाडीसकट वजनमर्यादा २५ वरून २८.५ टन केली. तेवढं वजन कायदेशीर आहे. त्यापलीकडचं वजन हिशेबात येतच नाही, कारण बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, ते लिहिलेलं नसतं.

जुनी गाडी किती भारी पडते

१ एप्रिल २०२० पासून देशात फक्त बीएस-६ (भारत स्टेज ६) या प्रदूषण मानकाची नवी वाहनं विकली जातात. त्याआधी २०१७ पासून बीएस-४ आणि २०१० पासून बीएस-३ देशभर लागू होतं. अवजड इंजिनाने एक युनिट ऊर्जा देताना नायट्रोजनचे ऑक्साइड किती सोडायला परवानगी आहे, ते पाहू. बीएस-३ ला ५ ग्रॅम, बीएस-४ ला ३.५ ग्रॅम, बीएस-६ ला बदलत्या वेगाच्या चाचणीत ०.४६ ग्रॅम.

मोंढ्याबाहेर दहा ट्रक उभे आहेत आणि ते सारखंच काम करतात असं धरा. तीन बीएस-३, सात बीएस-६. तीन जुन्यांचे मिळून १५, सात नव्यांचे मिळून ३.२. म्हणजे तीन गाड्या दहा जणांतला ८० टक्क्यांहून जास्त विषारी वायू सोडतात. हे मानकांच्या मर्यादांवरचं गणित आहे. प्रत्यक्षात जुनी गाडी आपल्या मर्यादेच्याही वर असू शकते.

म्हणून 'जिल्ह्यात किती ट्रक आहेत' या आकड्याचा एकट्याने उपयोग नाही, त्यांचं वय हवं. आरटीओच्या नोंदीत पूर्वी रजिस्टर झालेल्या, पण केव्हाच भंगारात गेलेल्या गाड्याही सापडतात, आणि दुसऱ्या राज्यात पासिंग झालेल्या पण रोज इथे धावणाऱ्या गाड्या सापडत नाहीत. टोलनाक्यावरचा फास्टॅग आणि ठरावीक किमतीवरच्या मालासाठी लागणारं ई-वे बिल यांच्या नोंदी त्यामानाने किती तरी खऱ्या. गाडी कोणती, कुठून कुठे गेली, हे त्यातून कळतं. ही माहिती नावं काढून, जिल्हावार संशोधकांना मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं.

पीयूसी आहे ना?

आहे, पण डिझेल गाडीच्या पीयूसीत धूर किती काळा आहे तेवढंच तपासतात. उभ्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबून धुरातून प्रकाश किती पार जातो ते बघतात. नायट्रोजनचे ऑक्साइड डोळ्यांना दिसत नाहीत आणि या तपासणीत मोजलेही जात नाहीत.

बीएस-६ ट्रकमध्ये हे वायू मारायला एक वेगळं द्रावण लागतं. ड्रायव्हर त्याला यूरियाच म्हणतात. पैसे वाचवायला कोणी ती यंत्रणा बंद पाडली, तर गाडी कागदावर बीएस-६ राहते, पीयूसीतही पास होऊ शकते आणि हवेत मात्र कैक पटींनी वायू सोडते. गुणाकार करणाऱ्याने या गाडीला ०.४६ चाच गुणांक लावलेला असतो.

रेल्वेचा आकडा: लातूरच्या पाणीगाडीवरून

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी (मालगाडीचे डबे) आणि ५ लाख लिटर पाणी, नंतर ५० वाघिणींच्या गाडीने २५ लाख लिटरच्या फेऱ्या. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. त्या उन्हाळ्याची आठवण लातूरकरांना वेगळी करून द्यायला नको. मालवाहतुकीचा हिशेब शिकायलाही हे उदाहरण नेमकं आहे, कारण माल, वजन, अंतर आणि रिकामी परत फेरी, सगळं माहीत आहे.

२५ लाख लिटर म्हणजे २,५०० टन. टँकर वाघीण रिकामी असताना सुमारे २७ टनांची, म्हणजे ५० वाघिणींचं नुसतं लोखंड १,३५० टन. रेल्वेत डिझेलचा हिशेब डब्यांच्या वजनासकट करतात. हजार टन-किलोमीटरला २ लिटर धरू. भरून येताना सुमारे २,६०० लिटर, रिकामी जाताना ९००, मिळून साडेतीन हजार लिटर. कार्बन डायऑक्साइड ९.३ टन. पाण्याच्या टन-किलोमीटरला ११ ग्रॅम.

हेच पाणी १० हजार लिटरच्या टँकरने आणायचं तर २५० खेपा. भरलेल्याला ५ आणि रिकाम्याला ७ चं एव्हरेज धरलं तर एका खेपेला सुमारे ११७ लिटर, सगळ्यांना मिळून २९ हजारांवर. कार्बन डायऑक्साइड साधारण ७७ टन, टन-किलोमीटरला ९१ ग्रॅम. म्हणजे रेल्वेच्या आठपट.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना फारसं घासत नाही आणि पन्नास डबे एकामागे एक असल्याने वाऱ्याचा विरोध पहिल्यालाच जास्त बसतो. हा फरक प्रामुख्याने तिथून येतो.

पण रेल्वे दारापर्यंत येत नाही

अगदी खरं. लातूरलाही शहरात वाटप करायला टँकर लागलेच. मालधक्क्यापर्यंत एक ट्रक, उतरल्यावर पुढे दुसरा ट्रक, मध्ये हमाली. हे दोन तुकडे धरल्याशिवाय तुलना करणं चूक आहे, आणि बऱ्याच जाहिरातवजा आकड्यांत ते धरलेले नसतात.

आपण धरू. दोन्ही टोकांना ३०-३० किलोमीटर, दहा टनी गाडीने, वरचाच ९१ ग्रॅमचा आकडा. एका टनामागे साडेपाच किलो झाले. मधलं अंतर ४०० किलोमीटर असेल तर रेल्वेचे ४.४ किलो. एकूण दहाच्या आत. थेट बारा चाकीने, रिकामी परत धरून, २२ किलो. रेल्वेचा धूर निम्म्याहून कमी पडला. पण मधलं अंतर १०० किलोमीटरच असेल तर रेल्वेचे साडेसहा आणि ट्रकचे साडेपाच, म्हणजे ट्रक बरा. या गृहीतकांवर पारडं १२५ किलोमीटरच्या आसपास फिरतं. परभणीहून नांदेडला माल नेण्यासाठी रेल्वेचा आग्रह धरण्यात म्हणूनच अर्थ नाही. जालना ते न्हावाशेवा बंदर मात्र वेगळी गोष्ट आहे. जालन्याला ड्राय पोर्टचा, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर चढवण्या-उतरवण्याच्या तळाचा, प्रकल्प का आखला गेला ते या हिशेबातून दिसतं.

अडचण आणखी एक आहे. पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरायला हजारो टन माल एका वेळी लागतो. अडत्याकडे किंवा छोट्या जिनिंगवाल्याकडे तेवढा नसतो. अनेकांचा माल एकत्र करून कंटेनरने पाठवण्याची सोय जिथे आहे तिथेच त्यांना रेल्वे परवडते.

विजेवरची गाडी म्हणजे शून्य प्रदूषण?

नाही. देशाच्या वीजजाळ्यातल्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो, कारण बहुतेक वीज अजून कोळशाची आहे. तीच पाणीगाडी विजेच्या इंजिनाने ओढली आणि हजार टन-किलोमीटरला ६ युनिट धरले, तर १०,६०० युनिट लागतील. ९.३ टनांच्या जागी साडेसात टन. फायदा आहे, पण पाचव्या हिश्श्याच्या आसपासच.

धुराची जागा मात्र बदलते. मनमाड ते नांदेड मार्गावरच्या स्टेशनशेजारच्या वस्तीला डिझेल इंजिनाचा धूर खावा लागत नाही. तो कुठल्या तरी औष्णिक केंद्राच्या उंच चिमणीतून निघतो, आणि त्या चिमणीखाली आपली परळीही येते. परळीकरांनी कोळसा आणि राख दोन्ही वर्षानुवर्षं पाहिली आहेत. 'विजेवर गेलो, स्वच्छ झालो' असं म्हणताना त्यांचा वाटा वगळून चालणार नाही. पुढे सौर आणि पवन वीज वाढेल तसा हा गुणांक खाली येईल, आणि रूळ व इंजिन न बदलता गाडी आपोआप स्वच्छ होत जाईल. डिझेल इंजिनाच्या बाबतीत असं कधीच होत नाही. विजेच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा मला हा वाटतो.

एवढी गृहीतकं असतील तर आकडा हवाच कशाला?

कारण गृहीतकं बदलली तरी काही उत्तरं बदलत नाहीत. वरच्या गणितात रेल्वेला २ ऐवजी ३ लिटर धरा, टँकरला जास्त चांगलं एव्हरेज द्या, तरी पाणीगाडीच पुढे राहते. तीन जुन्या ट्रकचा वाटा ८० ऐवजी ७० टक्के निघाला, तरी आधी कोणत्या गाड्या हटवायच्या ते तेच राहतं. १२५ किलोमीटरचा आकडा मात्र नाजूक आहे. रिकाम्या फेऱ्या थोड्या कमी धरल्या तरी तो बराच सरकतो. म्हणून एकच ठाम आकडा छापण्यापेक्षा 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असं सांगणारा अहवाल जास्त प्रामाणिक असतो.

ऊस कोणत्या रकान्यात?

मराठवाड्याच्या मालवाहतुकीतला एक मोठा हिस्सा ट्रकच्या मोजणीत येतच नाही. गाळप हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, बीड, लातूर, धाराशिव, परभणीचे रस्ते दोन-दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरांनी भरलेले असतात. ट्रॅक्टरची नोंद शेतीचं वाहन म्हणून होते. त्याला बीएस-६ लागू नाही, त्याची प्रदूषण मानकं वेगळी आहेत. २०२३ पासून ती कडक झाली तीही ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांसाठी, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे. परतीची फेरी तर जवळजवळ नेहमीच रिकामी.

कारखान्याच्या गेटबाहेर रात्र रात्र नंबर लावून उभ्या असलेल्या या गाड्यांचा धूर कोणत्याही शहराच्या यादीत नीट बसत नाही. आणि गंमत अशी की, सगळ्या मालात हिशेब करायला सगळ्यात सोपा ऊसच आहे. प्रत्येक ट्रॉली काट्यावर भरलेली तोलली जाते, रिकामी पुन्हा तोलली जाते, शेतकऱ्याच्या नावासमोर गाव आणि गट नंबर लिहिलेला असतो. वजन आहे, निघाल्याचं ठिकाण आहे, वाहनाचा प्रकार आहे, वेळ आहे. त्यात गावापासून कारखान्यापर्यंतचं अंतर जोडलं, की तालुक्या-तालुक्याचा आकडा पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तयार होऊ शकतो.